नागरी मूल्यांचा आणि संस्थांचा इतिहास वर्गात कसा शिकवावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांत इतिहास व नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी, तसेच काही पालकांनी, मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिताना पाचवी ते दहावीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवले आहेत. काही उत्तरे बरीच लांबली आहेत, तर काहींना दोन-चार वाक्ये पुरली.

संविधानातील मूल्ये शिकवायला संविधान हातात असताना इतिहास कशाला हवा?

संविधानाच्या बहुतेक कलमांमागे एखादे जुने भांडण आहे, आणि ते भांडण ठाऊक नसेल तर कलम हे केवळ एक चांगले वाक्य वाटते. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला मताधिकार आहे, हे वाक्य सातवीतला मुलगा निर्विकारपणे लिहून घेतो. परंतु १९३५ च्या कायद्यानुसार झालेल्या निवडणुकांत मत देण्यासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट होती, आणि मुंबई प्रांतात १९२१ पासून स्त्रियांना मत मिळाले ते याच प्रकारच्या अटींसह, असे सांगितले की वर्गातून हमखास प्रश्न येतो : "म्हणजे माझ्या पणजीला मत नव्हते का?" हा प्रश्न आला की निम्मे शिकवणे झाले असे समजावे. वयाची अटसुद्धा आधी एकवीस वर्षांची होती आणि ती १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अठरावर आली, हेही मग मुले लक्षपूर्वक ऐकतात.

सुरुवात कोठून करावी? पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने की कालक्रमाने?

माझा अनुभव असा की घराजवळून सुरुवात करावी. पहिल्या काही वर्षांत मी अथेन्सपासून आरंभ करीत असे. रोम, इंग्लंड, फ्रान्स असा प्रवास करीत ठाण्यापर्यंत येईतो वार्षिक परीक्षा आलेली असे. आता मी मालमत्ता कराचे बिल वर्गात नेतो. हे बिल कोण पाठवते, कर किती घ्यायचा हे कोणी ठरवले, आणि ठरवणाऱ्याला तो अधिकार कोणी दिला, या तीन प्रश्नांत नागरिकशास्त्राचा मोठा भाग येऊन जातो.

ठाण्यात हा धागा मागे नेणे सोपे आहे. बोरीबंदरहून पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यात आली आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, येथे नगरपालिका स्थापन झाली. त्या काळच्या नगरपालिका आजच्यासारख्या लोकांनी निवडून दिलेल्या नव्हत्या. कारभारावर सरकारी अधिकाऱ्यांचा पगडा असे. लॉर्ड रिपनच्या मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक संस्थांत बिगरसरकारी सदस्यांचे बहुमत असावे आणि शक्य तेथे ते निवडणुकीने यावेत असे धोरण मांडले. त्या ठरावाला शंभर वर्षे होत असताना, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली, हा केवळ योगायोग; पण सनावळी लक्षात ठेवायला मुलांना तो उपयोगी पडतो.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. नागरी संस्था म्हणजे केवळ सरकारी कचेरी नव्हे. ठाण्यातून १८६६ पासून 'अरुणोदय' हे साप्ताहिक निघत होते आणि १८९३ मध्ये येथील मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. दोन्ही कामे लोकांनी आपणहून केली. वर्गणी, सभासद, वार्षिक सभा, हिशेब, ठराव आणि अनुमोदन या रीती आपल्याकडच्या मध्यमवर्गाने विधिमंडळात जाण्याच्या कितीतरी आधी अशा संस्थांमध्ये गिरवल्या.

लोकशाही ग्रीसमधून आली, इंग्लंडमधून आली, की ती भारतात पूर्वीपासूनच होती?

हा प्रश्न बहुधा वादाच्या सुरात विचारला जातो, आणि वर्गात त्याचे उत्तर एका शब्दात देऊ नये असे माझे मत आहे. प्रत्येक ठिकाणी जे होते ते नेमके काय होते आणि त्यातून बाहेर कोण होते, हे दोन स्तंभांत मांडायला सांगावे.

अथेन्समध्ये इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिसच्या सुधारणा झाल्या. पाचशे जणांची परिषद नेमली जात असे आणि पुढे तिचे सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडले जात. स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी मात्र नागरिकांत मोडत नसत. इंग्लंडमध्ये १२१५ साली जॉन राजाकडून सरदारांनी जी मोठी सनद लिहून घेतली, ती पोपने काही आठवड्यांतच रद्द ठरवली आणि तिच्यातील 'स्वतंत्र माणूस' या शब्दांत तेव्हाचा बहुसंख्य शेतकरी बसत नव्हता. तरीही कायद्यावाचून कोणाला कैद करू नये हे तिच्यातले सूत्र टिकले, आणि आपल्या एकविसाव्या कलमाशी त्याचे नाते दाखवता येते.

आता आपल्याकडे पाहावे. तामिळनाडूतील उत्तरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातले शिलालेख आहेत. गावाचे तीस विभाग, प्रत्येक विभागातून पात्र व्यक्तींच्या नावाच्या चिठ्ठ्या, त्या एका मडक्यात टाकून लहान मुलाच्या हाताने काढणे, अशी ती पद्धत होती. वय पस्तीस ते सत्तर असावे, स्वतःच्या जागेवर घर असावे, ज्याने मागच्या कामाचा हिशेब दिलेला नाही तो अपात्र आणि त्याचे नातेवाईकही अपात्र. हे वाचताना आठवीचा वर्ग हसतो, कारण हिशेब न देणाऱ्यांची ओळख सर्वांनाच असते. परंतु ती ब्राह्मण जमीनमालकांची सभा होती, करपात्र जमीन आणि वेदाध्ययन या तिच्या अटी होत्या, हे सांगितल्याशिवाय तो तास पूर्ण होत नाही.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण शिक्षकाने मुळातून वाचावे. भारताला संसदीय रीती ठाऊकच नव्हती हे म्हणणे त्यांनी खोडून काढले. बौद्ध भिक्षुसंघांत आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पण त्याच दमात त्यांनी असेही विचारले की ही पद्धत भारताने एकदा गमावली, ती पुन्हा तर गमावणार नाही ना? पहिला भाग उद्धृत करून दुसरा गाळण्याची सवय शिक्षकांनी लावून घेऊ नये.

मराठ्यांच्या काळातील गोतसभा आणि पंचायती यांना लोकशाहीचे मूळ म्हणावे का?

मूळ म्हणू नये. न्यायनिवाड्याची एक जुनी, गावात रुजलेली रीत म्हणावी. वतनाचा (वंशपरंपरागत हक्काचा) किंवा हद्दीचा तंटा गोतापुढे, म्हणजे गावातील वतनदार व इतर लोकांच्या सभेपुढे येई, साक्षी होत, निवाड्याचा महजर (निर्णयाचा लेखी कागद) लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या उमटत. पाटलाची निशाणी नांगराची असे. सर्वांसमक्ष, लेखी आणि साक्षीनिशी निर्णय घेण्याची ही शिस्त मुलांना जरूर दाखवावी. मात्र त्या सभेतील माणसाची जागा त्याच्या जातीवरून आणि वतनावरून ठरत होती. आजची ग्रामपंचायत १९५८ च्या कायद्याने आणि १९९३ पासून लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने उभी आहे. नाव जुने असले तरी पाया वेगळा आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यासारख्या आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे विशेष अधिकार दिले आहेत, त्यांची तुलना गोतसभेशी करून पाहिली तर नववीच्या मुलांसाठी तो उत्तम प्रकल्प होतो.

'स्वातंत्र्य, समता, बंधुता' हे फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतले, असेच शिकवायचे ना?

एवढेच शिकवले तर ते अपुरे राहते. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याचा जगावर प्रभाव पडला यात शंका नाही. परंतु आंबेडकरांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले की ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाही, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहे. त्याच्या कितीतरी आधी जोतीराव फुले यांनी थॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील लेखन वाचले होते, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली होती आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला होता. म्हणजे पुस्तक परदेशातून आले, पण ते वाचणाऱ्याचे दुःख येथलेच होते. फुले काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, हे बहुतेक मुलांना ठाऊक नसते. महात्मा नगरपालिकेत बसून पाण्याच्या आणि शाळांच्या प्रश्नांवर बोलत असेल, अशी कल्पनाच त्यांना करवत नाही.

चवदार तळ्याचा सत्याग्रह मुले पाठ करतात. त्यापलीकडे काय शिकवावे?

माझ्या मते या संपूर्ण विषयासाठी महाडइतका चांगला धडा दुसरा नाही, आणि तो दिनविशेषासारखा उरकला जातो याचे मला वाईट वाटते. तारीख २० मार्च १९२७ आहे, हे खरे. पण गोष्ट त्याआधी सुरू होते आणि त्या तारखेनंतर दहा वर्षे चालते.

मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व काही झाले होते आणि तळ्यावर काहीच झाले नव्हते. ठराव, त्याला दुजोरा देणारा दुसरा ठराव, आणि तरीही ओंजळभर पाणी नाही, ही साखळी फळ्यावर काढून दाखवावी आणि विचारावे की आता कोणता मार्ग उरतो.

सत्याग्रहानंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. हजारो लोक जमलेले असताना आंबेडकरांनी तळ्यावर जाणे स्थगित केले आणि न्यायालयात लढण्याचा निर्णय घेतला. येथे थांबून वर्गाचे दोन गट करावेत : हा निर्णय बरोबर की चूक? मी जेव्हा हा वाद घेतला तेव्हा दोन्ही बाजूंनी इतकी चांगली कारणे आली की माझे स्वतःचे मत मला आवरते घ्यावे लागले. खटला चालत राहिला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवणारी अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही.

त्यानंतर संविधानाचे पंधरावे कलम उघडावे. त्यातील दुसरे उपकलम दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांची नावे घेते, आणि राज्याच्या पैशातून राखलेल्या जागांचा उल्लेख करते. १९२३ चा ठराव आणि हे उपकलम शेजारी शेजारी ठेवून सारखे शब्द अधोरेखित करायला सांगितले की संविधानात 'तलाव' हा शब्द का आला, हे मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. ठाणे हे तलावांचे शहर म्हणून मिरवते. मासुंदा तलावाच्या काठावर संध्याकाळी कोणीही जाऊन बसतो. या 'कोणीही'ची किंमत महाडच्या धड्यानंतर कळते.

नवी मुंबई तर नवे शहर आहे. तेथील मुलांना कोणता इतिहास सांगणार?

शहर नवे आहे, जमीन जुनी आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. त्यासाठी वापरलेला भूसंपादनाचा कायदा १८९४ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला होता. 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणजे काय आणि ते कोण ठरवते, हा प्रश्न वाशी, घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या वर्गात पुस्तकी राहत नाही, कारण एका बाकावर गावठाणातले आगरी किंवा कोळी मूल असते आणि शेजारच्या बाकावर त्याच जमिनीवरील इमारतीत राहणारे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला, हे कलम या पार्श्वभूमीवर शिकवावे. हा तास मात्र जपून घ्यावा. माझ्या एका विद्यार्थ्याने आजोबांकडच्या जुन्या नोटिसा वर्गात आणल्या होत्या, आणि त्या दिवशी मी कमी बोललो तेच बरे झाले.

महानगरपालिकेचा कारभार १९९२ च्या आरंभी सुरू झाला. संस्था आधी येते आणि लोकप्रतिनिधी नंतर येतात, हे असेही घडते. अलीकडचे उदाहरण आणखी बोलके आहे : लोकनियुक्त सभागृहाची मुदत नवी मुंबईत मे २०२० मध्ये आणि ठाण्यात मार्च २०२२ मध्ये संपली, आणि त्यानंतर दोन्हीकडे दीर्घकाळ प्रशासकांनी कारभार पाहिला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मुदत पाच वर्षांची ठरवली आणि मुदतीपूर्वी निवडणूक घ्यावी असे म्हटले आहे. मग त्या काळात प्रभागातल्या नागरिकाने गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे होते, हे मुलांनी आपापल्या घरी विचारून यावे.

शब्दांचा इतिहास सांगण्यात वेळ घालवावा का?

जरूर घालवावा, तो फारसा लागत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नागरिक' हा नगराचा कारभार पाहणारा अधिकारी आहे. आज तोच शब्द अधिकाऱ्याला जाब विचारणाऱ्याला लावला जातो. शिलाहारांच्या ताम्रपटांत ठाण्याचे नाव श्रीस्थानक असे येते, आणि त्यांच्या राजाज्ञा अधिकाऱ्यांबरोबर नगरातील पौरजनांनाही उद्देशून असत. त्या 'पौर'मधून सावरकरांनी 'महापौर' हा शब्द घडवला. हक्क, कायदा, वकील आणि जिल्हा अरबीतून आले, सरकार फारसीतून, वॉर्ड आणि कोर्ट इंग्रजीतून. आपल्या नागरी जीवनात कोण कोण येऊन गेले, याची ही हजेरीच आहे.

हे सर्व शिकवताना वर्गात राजकारण येते, अशी पालकांची तक्रार असते. काय करावे?

आजच्या पक्षांची बाजू घेऊ नये आणि मूळ कागद समोर ठेवावा, एवढे पथ्य पुरेसे आहे. उद्देशिकेतील 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले, ही वस्तुस्थिती आहे. ती लपवल्याने वाद टळत नाही, उलट मुलाला ती दुसरीकडून अर्धवट कळते. त्याच दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली, हेही त्याच तासाला सांगावे.

दहावीच्या चाळीस गुणांच्या उत्तरपत्रिकेत याचा उपयोग होतो का?

थोडा होतो. कारणे द्या आणि संकल्पना स्पष्ट करा या प्रश्नांत उदाहरण देणाऱ्या मुलाचे उत्तर वेगळे दिसते. केवळ गुणांसाठी एवढा खटाटोप करावा असे मात्र मी म्हणणार नाही. चाचणीत मी एकच प्रश्न विचारतो : एखादा हक्क घ्या आणि तो मागितल्यापासून मिळेपर्यंत किती वर्षे लागली ते टप्प्यांसह लिहा. शिक्षणाचा हक्क घेतला, तर १८८२ मध्ये फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, १९११ मध्ये गोखल्यांनी विधेयक मांडले आणि ते फेटाळले गेले, १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. वजाबाकी मुलांनी करायची.

मोठी मुले विचारतात, "सर, पण हे सगळे पाळतो कोण?" त्यांना काय सांगावे?

उपदेश करू नये, कारण प्रश्न खरा आहे. मी त्यांना पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार याद्यांची गोष्ट सांगतो. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी मतदारांची नोंदणी झाली. अनेक स्त्रियांनी गणनेला आलेल्या माणसाला स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढीच ओळख दिली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. नाव सांगण्यासाठी मुदत वाढवून देण्यात आली, तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून वगळावी लागली. सेन यांनी कठोरपणा केला की उपकार केले, यावर वर्गात एकमत होत नाही, आणि मी ते घडवूनही आणत नाही. पुढच्या निवडणुकांत त्या नावांचे काय झाले असेल, एवढेच विचारतो आणि प्रत्येकाला आपल्या घरातील प्रौढांची नावे मतदार यादीत शोधायला सांगतो. गेल्या वर्षी एका मुलीला आपल्या आजीचे नाव यादीत सापडले नाही. आजी लग्नानंतर तीन घरे बदलून कळव्याला आलेली होती. मतदार नोंदणीचा नमुना ६ कसा भरायचा, हे विचारायला ती मुलगी मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊनच शिक्षकखोलीत आली.